कोलोनच्या डोमचे पाथरवट

फ्रँकफुर्टकडून येणारी गाडी ऱ्हाइनवरच्या होहेनत्सोलर्न पुलावर आली की समोर कोलोनचं कॅथीड्रल उभं ठाकतं. स्टेशन त्याच्या अगदी पायाशी आहे. बाहेर येऊन मान वर केली की 157 मीटर उंचीचे दोन काळपट मनोरे दिसतात आणि त्या काळपट अंगावर मधूनच उजळ, कोरे दगड. कुठे ना कुठे परांची बांधलेली असते. बहुतेक प्रवासी ती टाळून फोटो काढू बघतात. मी म्हणेन, आधी तिच्याकडेच बघा. या डोमची (गावातले लोक त्याला एवढंच म्हणतात) खरी ओळख तिथून होते.

पायाभरणी 15 ऑगस्ट 1248 ची. मिलानहून 1164 मध्ये आणलेल्या, बायबलमधल्या तीन राजांच्या अवशेषांच्या दर्शनाला यात्रेकरूंची रीघ लागली होती आणि त्यांना साजेशी वास्तू हवी होती. पूर्वेकडचा, वेदीचा भाग 1322 मध्ये पुरा झाला. सोळाव्या शतकात काम थांबलं. दक्षिण मनोऱ्याच्या अर्धवट थोटकावर लाकडी क्रेन तशीच उभी राहिली, तीनशेहून अधिक वर्षं. पुढे दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा सापडला. त्याचा अर्धा भाग 1814 मध्ये डार्मश्टाटला आणि दुसरा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये. 1842 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, ते जुन्या कारागिरांच्या त्या रेषा धरूनच, आणि 1880 मध्ये मनोरे पूर्ण झाले.

दक्षिण मनोऱ्याच्या पायथ्याशी भिंतीला नाक लावून बघावं. करड्या दगडात पांढुरके, चौकोनी, बोटाच्या पेराएवढे स्फटिक चमकतात. हा ट्रॅकाइट, ड्राखेनफेल्स डोंगरातला ज्वालामुखीचा दगड. तो नदीतून होड्यांनी इथवर आला. एकोणिसाव्या शतकात काम पुन्हा निघालं तेव्हा मात्र ही खाण बंद झाली होती. डोंगर ढासळू नये म्हणून प्रशियाच्या सरकारनं 1836 मध्ये तो विकतच घेतला. मग दुसरीकडचे दगड आणावे लागले. त्यातला श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म घडवायला सोपा, पण त्याचे कण धरून ठेवणारा चुनखडीचा अंश आम्लाला टिकेना. कोळशाच्या धुरातलं गंधक पावसात मिसळलं की त्या चुन्याचं जिप्सम होतं, पापुद्रे सुटतात आणि नक्षीचं पीठ होऊन गळतं. शेजारीच वाफेच्या इंजिनांचं स्टेशन होतं. सहाशे वर्षं जुना दगड शाबूत आणि दीडशे वर्षांचा कुजलेला, असं चित्र एकाच इमारतीत दिसतं.

हे सावरायला डोमची स्वतःची कार्यशाळा आहे, डोमबाउह्युटे. दक्षिणेच्या बाजूला, रोंकालिप्लात्झ या चौकालगत. पाथरवट, मूर्तिकार, लोहार, सुतार, काचकाम करणारे, परांची बांधणारे, असे सगळे इथे कायम नोकरीवर. आठवड्याच्या शेवटी सुट्टी असते, म्हणून शुक्रवारची रजा टाकून सकाळीच पोचलो आणि वाटाड्याबरोबरच्या छोट्या गटातून आत गेलो.

आत एक पाथरवटीण काम करत होत्या. कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर ठोकळा. एका बाजूला त्याचा थर कुठल्या दिशेचा, याची खूण. खाणीत दगड जसा आडवा पडलेला होता तसाच तो भिंतीत बसला पाहिजे, नाहीतर पाणी थरांत शिरून पापुद्रे सुटतात. प्रथम कडेनं एक अरुंद पट्टी घडवून तिच्यावर सरळ पट्टी ठेवली. समोरच्या कडेवर दुसरी. दोन्ही पट्ट्यांवरून एका डोळ्यानं नजर टाकायची. त्या एका रेषेत आल्या की मधला भाग उतरवायला घ्यायचा. एक बाजू अचूक सपाट झाली की बाकी सगळी मापं तिच्यावरून. मग पानाच्या नक्षीचा साचा ठेवून टोकदार सुईनं रेघ ओढली. बाहेरचा भाग रुंद छिन्नीनं फोडून काढला, पुढे टोकदार छिन्नी, शेवटी सपाट. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारंही भिंतीला टांगलेली होती, पण पानाच्या कडेशी त्यांनी लाकडी मोगरीच उचलली. ठोका हलका, एका लयीत, आणि छिन्नीचा कोन दर दोन-तीन ठोक्यांनी किंचित बदलत होता. तोंडावर मास्क, शेजारी धूळ ओढून घेणारा जाड नळा. वालुकाश्माची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. या धंद्यानं त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे.

“हे पान इतक्या उंचावर कोण बघणार?” आमच्यातल्या एकानं विचारलं. “पाऊस बघतो,” त्या म्हणाल्या. पानाचा उतार एका बाजूला चुकला तर पाणी साचतं, थंडीत गोठतं आणि दगड फोडतं. खालून दिसणारी नक्षी वरती पाणी वाहून नेण्याचं काम करते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

घडवलेला दगड वर चढवला की सांध्यात वितळलेलं शिसं ओततात. शिसं मऊ असतं. वारा, ऊन, थंडी यांनी दगड हलला तरी सांधा फुटत नाही. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं ऐकत आपण लहानाचे मोठे झालो आहोत. इथे ते काम आजही चालतं. एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या लोखंडी खुंट्या गंजून फुगतात आणि दगडाला आतून तडे देतात. म्हणून आता खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या.

शनिवारी दक्षिण मनोरा चढलो. पायऱ्या 533. वाटेत 1923 ची, 24 टनांची सेंट पीटर घंटा लागते. वरून आदल्या दिवशी पाहिलेले ठोकळे कुठे जाणार ते समजतं. प्रत्येक खांबाच्या टोकाला फुलं, कमानीच्या कडेला पानं, आणि जुन्या काळ्या पानाशेजारी नवं उजळ पान. मनोऱ्यांच्या शेंड्यावरच्या दगडी फुलाची खऱ्या मापाची प्रतिकृती खाली चौकात ठेवली आहे. साडेनऊ मीटर उंच. खालून जे मुठीएवढं भासतं त्याखाली उभं राहिल्यावर प्रमाणाचा अंदाज येतो.

एक मोठं फूल घडवायला कित्येक महिने जातात. तेवढ्यात दुसरीकडचं झिजतं. ही शर्यत जिंकायची नसते, चालू ठेवायची असते, आणि त्यासाठी शहरानं व्यवस्था उभी केली आहे. 1842 मध्ये स्थापन झालेली नागरिकांची संस्था, त्सेंट्राल-डोमबाउ-फेराइन, आजही वर्गणीतून खर्चाचा मोठा भाग उचलते. कार्यशाळेत मुलं-मुली शिकाऊ म्हणून येतात. 2020 मध्ये युनेस्कोनं जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमधल्या अशा कार्यशाळांच्या परंपरेची जतनाचा उत्तम नमुना म्हणून नोंद केली.

जुनी वास्तू आपल्याला भव्य वाटते ती तिच्या वयामुळे. पण वय आपोआप वाढत नाही. निकृष्ट दगड, दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब, धूर, पाऊस हे सगळं सोसून डोम उभा आहे, कारण तो कुजणार हे मान्य करून पगारी, शिकलेली माणसं कायमची नेमली गेली. आपल्याकडच्या एखाद्या गडाची डागडुजी निघते तेव्हा निधी किती, हे आपण विचारतो. घडीव दगडाचं काम जाणणारे पाथरवट किती, त्यांच्या हाताखाली शिकणारे किती आणि निधी संपल्यावर त्यांचं काय, हेही तितक्याच आग्रहानं विचारायला हवं.