काड्या नाचल्या, फिल्म गेली

तेंदूपत्ता, तंबाखू, सूत आणि शेवटी आगकाडी. बिडीच्या भंडारा जिल्ह्याला या सरंजामाची ओळख करून द्यायला नको. पण हीच चिमुकली काडी १९१५ साली पडद्यावर नाचली होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

तिला नाचवलं दादासाहेब फाळक्यांनी. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढणं कठीण झालं. त्या ओढगस्तीत फाळक्यांनी काही छोटे पट केले. त्यातलाच एक ‘आगकाड्यांची मौज’.

यातली युक्ती सोपी, काम मात्र किचकट. टेबलावर काड्या मांडायच्या, एक चित्र टिपायचं. काडी जवभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. सेकंदाला १६ चित्रं धरली, तर मिनिटभराच्या नाचाला ९६० वेळा हेच. फाळक्यांना या चिकाटीची सवय होती. १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, ठरावीक वेळाने थोडी थोडी फिल्म घेत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ टिपली होती. ती पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसे लावणाऱ्याला भरवसा वाटला.

आज ‘आगकाड्यांची मौज’ कुठेच नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. न पेटली तरी डब्यात चिकट होत शेवटी तिची भुकटी होते. खेळ संपलेली रिळं त्यांतल्या चांदीसाठी भंगारातही गेली. अर्जेंटिनात किरीनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्ये केलेला ‘एल अपोस्तोल’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट मानतात. तो तर आगीतच गेला.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली, म्हणजे या काड्यांनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून रिळं मिळवली, म्हणून फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. घराने जपलं तेवढंच उरलं.

तेव्हा जुन्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या माळ्यावर पत्र्याचा गोल डबा दिसला, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी पुण्याला कळवा. आणि हो, डब्याजवळ बिडी पेटवू नका.