कोंबडीच्या पिशवीतले अक्षर

गुरुजींनी हंस फाडून त्याची आतडी दाखवावीत आणि शिष्याने भलत्याच जागी बोट ठेवून हे काय म्हणून विचारावे, यात नवल ते काय! अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कुक्कुटविभागात १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत असेच घडले. शिष्याचे नाव ब्रूस ग्लिक. शेपटीच्या मुळाशी, आतड्याच्या शेवटाला चिकटलेली ती गाठ म्हणजे फॅब्रिशियसची पिशवी, असे त्याला उत्तर मिळाले. तिचे काम काय, हा पुढचा प्रश्न मात्र गुरुजींनी हसून शिष्याच्याच पदरात टाकला.

फॅब्रिशियस हा इटलीतील पादुआचा शरीरशास्त्रज्ञ. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या हार्वेचा हा गुरू. त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलेल्या ग्रंथात या पिशवीचे वर्णन आहे. कोंबड्याचे बीज कोंबडी तिच्यात साठवून ठेवते, असा त्याचा तर्क. आता हीच पिशवी कोंबड्यालाही असते, त्याचे काय करायचे?

ग्लिकने कोंबडीच्या कोवळ्या पिलांच्या पिशव्या कापून काढल्या. पिले मजेत वाढली. म्हणजे उत्तर शून्य! पुढे टिमथी चँग या सहाध्यायाला वर्गात एक प्रयोग करून दाखवायचा होता. कोंबड्यांना साल्मोनेला जंतूंपासून केलेले द्रव्य टोचायचे, की काही दिवसांत त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे हल्ली घरोघरी ठाऊक झालेल्या अँटीबॉडीज, तयार झालेल्या दिसतात. त्याने ग्लिकच्याच कोंबड्या मागून नेल्या. प्रयोग पार फसला. काही कोंबड्या मेल्या आणि जगल्या त्यांच्यातल्या कित्येकींच्या रक्तात प्रतिपिंडांचा मागमूस नाही. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून नव्या कोंबड्या घेऊन आला असता. या दोघांनी नोंदवही उघडून पाहिले. फसलेल्या साऱ्या कोंबड्या बिनपिशवीच्या होत्या!

पुन्हा अधिक पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी निबंध लिहिला आणि 'सायन्स' या मातब्बर नियतकालिकाकडे धाडला. तो साभार परत आला. हे कार्य कसे घडते याचा आणखी उलगडा करा, असा शेरा. गमतीची गोष्ट अशी, की १९५५ मध्ये याच 'सायन्स'ने यूजीन गारफील्ड यांचा एक लेख छापला होता. आहेराच्या वहीत कोणी कोणाला काय दिले याची नोंद असते ना, तशी कोणत्या निबंधात कोणत्या जुन्या निबंधाचा उल्लेख झाला, याची सूची करावी, ही त्यातली कल्पना. पुढे ती सूची निघाली आणि आज विद्वानांच्या नेमणुका, बढत्या आणि अनुदाने बऱ्याच अंशी या उल्लेखांच्या मोजदादीवर ठरतात. नियतकालिकाचे वजन मोजायच्या प्रसिद्ध मापात तर निबंधाची जेमतेम पहिली दोन वर्षेच धरतात.

ग्लिक, चँग आणि त्यांचे मार्गदर्शक जॅप यांचा निबंध अखेर १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. तो वाचायचे कोणी? अंड्यांचा आणि दाण्यांचा हिशेब करणाऱ्यांनी. माणसांच्या रोगप्रतिकाराचा अभ्यास करणारे डॉक्टर कोंबड्यांचे मासिक कशाला चाळतील? दोन वर्षांचे ते माप लावले असते, तर हा निबंध नापासच व्हायचा.

१९६० मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी त्याला दुजोरा दिला. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी उंदरांच्या छातीतील थायमस ग्रंथीचे महत्त्व दाखवले. मग १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर, पीटरसन आणि गुड यांनी काही पिलांची थायमस आणि काहींची पिशवी काढून, वर क्ष-किरणांचा मारा करून दोन्ही कामे वेगळी करून दाखवली. प्रतिपिंडे करणारी फौज पिशवीतून निघते, परकी कातडी झिडकारणारी थायमसमधून. थायमसच्या त्या टी-पेशी आणि 'बर्सा' म्हणजे पिशवीच्या त्या बी-पेशी. माणसाला ही पिशवीच नाही. आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात घडतात. त्यालाही इंग्रजीत बोन मॅरो म्हणतात, त्यामुळे 'बी' तिथूनच आला, अशी पुष्कळांची समजूत असते. अक्षर खरे कोंबडीचे!

मग त्या जुन्या निबंधाचे उल्लेख वाढत गेले. पण खरा हिशेब इथेच चुकतो, असे मला वाटते. जे फार रुळते त्याचा उल्लेख कोणी करीत नाही. बी-पेशींच्या कर्करोगावरचे रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाले. ते लिहून देणारा डॉक्टर ग्लिकचे नाव कशाला घेईल? २०१९ मध्ये कूपर आणि मिलर यांना या दोन पेशींच्या शोधाबद्दल लास्कर पारितोषिक मिळाले. ते योग्यच होते. ग्लिक मात्र मिसिसिपीच्या विद्यापीठात कोंबड्यांमध्येच रमला होता.

आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना ही पिशवी वेगळ्याच नावाने माहीत असते. गंबोरो म्हणताच त्यांच्या पोटात गोळा येतो. या रोगाचे विषाणू नेमकी हीच पिशवी पोखरतात. मग वाचलेल्या पिलांनाही दुसऱ्या रोगांच्या लशी नीट लागू पडत नाहीत. म्हणून पिले जेमतेम दोन-तीन आठवड्यांची झाली, की पिण्याच्या पाण्यातून गंबोरोची लस पाजतात.