काचघराचा उन्हाळा

ज्या देशात ऊन ही नित्याची नव्हे तर नवसाची गोष्ट, त्या इंग्लंडात घराच्या पाठीमागे काचेची खोली जोडून घेण्याची हौस एकेकाळी सरदार-उमरावांना होती आणि कालांतराने ती मध्यमवर्गातही उतरली, यात नवल नाही. थंडीच्या दिवसांत वेताच्या खुर्चीत बसून कोवळे ऊन अंगावर घेण्याची ती जागा. परंतु लिंकनशायरमधील कोनिंग्जबी येथे १९ जुलै २०२२ रोजी ४०.३ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाची नोंद झाली त्या देशात, उन्हाच्या स्वागतासाठी बांधलेल्या या खोलीत उन्हालाच मज्जाव कसा करावा, हा आता खरा प्रश्न होऊन बसला आहे.

काचघर तापते ते कशामुळे? सूर्यप्रकाश तावदानांतून विनासायास आत येतो, फरशी व सामानसुमान तापवतो, त्यांच्या स्पर्शाने हवा तापते, आणि तापलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट नसते. काच उष्णकिरणांना परत जाऊ देत नाही, हेच मुख्य कारण अशी समजूत पूर्वी होती. पण अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली एका पेटीवर काच आणि दुसरीवर उष्णकिरणांना आरपार जाऊ देणारी सैंधवाची तक्ती बसवून पाहिली, तेव्हा दोहोंच्या तापमानांत फारसे अंतर पडले नाही. कोंडलेली हवा हाच मोठा अपराधी, असा त्याचा अर्थ.

तथापि हवा मोकळी करण्यापूर्वी ऊन अडवणे श्रेयस्कर, आणि तेही काचेच्या बाहेरच. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात स्फटिकप्रासाद उभारताना जोसेफ पॅक्स्टन याने छतावर बाहेरून कापडाचे आच्छादन घालण्याची आणि भिंतींत उघडझाप करता येणाऱ्या झडपांची तजवीज केली होती. पॅक्स्टन मूळचा बागवान. काचेखाली काय शिजते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्याच्या आधी, १८४४ ते १८४८ या काळात क्यू उद्यानात बांधलेल्या पाम हाऊससाठी ताडवृक्षांची पाने करपू नयेत म्हणून शास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांच्या सल्ल्याने तांब्याच्या ऑक्साइडने हिरवट केलेली काच वापरली गेली. युक्ती चतुर खरी, पण रंगीत काच उष्णतेबरोबर उजेडही हिरावून घेते, आणि तो हिवाळ्यात परत देत नाही. क्यूमध्ये पुढे साधी काचच आली. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर तावदानांना बाहेरून पांढरा पातळ लेप द्यावा आणि शरद ऋतूत तो पुसून टाकावा, ही तिकडच्या माळ्यांची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. आतून लावलेले पडदे डोळ्यांना सुखावतात. पण त्यांच्यापर्यंत पोचलेले ऊन घरात शिरून चुकलेले असते, आणि पडदा फिकट व चकाकता असला तरच त्यातले काही माघारी जाते.

हवेचा बंदोबस्त त्यानंतरचा. गरम हवा वर चढते, म्हणून छताच्या कण्याशी झरोके हवेत आणि तळाशी थंड हवेला शिरकाव हवा. झाडांच्या काचघरात छतावरील झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक पंचमांश असावे, असे तिकडचे बागवान मानतात. झरोक्याजवळ कित्येकदा वीतभर लांबीची धातूची एक नळी दिसते. तिच्यात मेण भरलेले असते. ऊन वाढले की ते वितळून फुगते, दट्ट्या बाहेर सरकतो आणि झडप आपोआप उचलली जाते. संध्याकाळी मेण आकसले की स्प्रिंग तिला खाली ओढते. ना वीज, ना चाकर.

झाडांसाठी सकाळी फरशीवर पाणी शिंपडण्याचाही प्रघात आहे, कारण एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. मावळातील गुलाबाची पॉलिहाऊस पाहिलेल्यांना शेडनेट, छताची उघडी फट आणि फॉगरचे तुषार या रूपांत हीच व्यवस्था परिचित असेल. बैठकीच्या खोलीत मात्र दमट हवा जाच करते. वातानुकूलन यंत्राची तर शिफारस करवत नाही. काचेच्या छताखाली ते दिवसभर सूर्याशी झुंजत राहते आणि भुर्दंड मालकाला पडतो.

इंग्लंडच्या इमारतविषयक नियमांतून काचघराला सूट मिळते तिला एक अट अशी आहे की, घर आणि काचघर यांच्यामध्ये बाह्य दर्जाचे दार असावे. ऐसपैसपणाच्या मोहाने पुष्कळजण ते दार काढून टाकतात आणि काचघराचा ताप शयनगृहापर्यंत ओढवून घेतात. ज्यांनी ते राखले आहे त्यांनी दुपारी ते घट्ट लावावे, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की रात्री वरचे झरोके आणि खालच्या खिडक्या सताड उघड्या टाकाव्यात.