उभी राहिलेली जीप पुन्हा चालवताना : आधी ब्रेक, मग इंजिन



लोखंड का गंजतं हा प्रश्न मी वर्गात विचारला की मुलं एका सुरात सांगतात, "सर, पाणी आणि हवा!" उत्तर बरोबरच आहे. पण हवा-पाण्याने आठ वर्षांत काय होतं ते मला मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वाडीत कळलं. मूल तालुक्यातल्या त्यांच्या घरामागे मोहाच्या झाडाखाली महिंद्राची जुनी सीजे ५०० डी जीप उभी होती. एकेकाळी तिने धानाची पोती वाहिली, वराती नेल्या, रात्री-बेरात्री दवाखान्यात माणसं पोचवली. मग बॅटरी गेली आणि "दुरुस्त करू कधीतरी" म्हणता म्हणता आठ पावसाळे गेले.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत जीप म्हणजे नुसती गाडी नाही. पूल नसलेले नाले, चिखलाचे रस्ते, तेंदूपत्त्याचा हंगाम, निवडणुकीचं सामान, सगळीकडे तीच. तिचं मूळ घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपचं. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. आमच्या जीपचं डिझेल इंजिन मात्र इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून आलेलं. त्यामुळे गावातल्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीला ते पाहताक्षणीच ओळखीचं वाटलं. शहरात मेकॅनिक शोधत फिरावं लागलं नाही.

मामाजींचं म्हणणं सोपं होतं. "जवाईबापू, बॅटरी लावा न् सेल्फ मारा. बाकीचं मंग पाहू."

बहुतेक लोक असंच करतात आणि चूक इथेच होते. इंजिन सुरू झालं की गाडी चालवून पाहायचा मोह होतोच, अन् थांबवायची सोय झालेली नसते. म्हणून आम्ही क्रम उलटा धरला. सर्वांत आधी कागद : आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, ते कागद ठेवून वरून पेन्सिल घासून पाहिलं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. नंबर जुळत नसेल तर पुढे एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग साफसफाई. बोनट काठीनेच उघडलं, कारण अशा जागी साप बसतो. साप नव्हता. उंदरांनी मात्र एअर फिल्टरमध्ये तणसाचं घरटं केलं होतं आणि वायरी कुरतडल्या होत्या. सीटखाली कोंबडीची दोन अंडी. चेसिसच्या पोकळ भागात वर्षानुवर्षांचा चिखल आणि मोहाची सडलेली पानं. पाणी निघून जायची छिद्रं त्यानेच बुजली होती. लहान हातोडीने ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा खणखणीत आवाज येतो, सडलेल्याचा बद्द. खडूने बद्द जागांवर खुणा केल्या, चार निघाल्या.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

मागचं डावं चाक काढायचं होतं. हँडब्रेक मी स्वतः सोडवून, तेल देऊन, नीट ओढून ठेवला होता. गिअरही टाकला. जॅक लावला, चाक वर उचललं. माझा भाचा खाली शिरायच्या बेतात होता. तेवढ्यात जीप हळूच मागे सरकली आणि जॅकवरून धप्पकन उतरली. भाच्याचा हात थोडक्यात वाचला. माझे पाय त्यानंतर दहा मिनिटं लटपटत होते.

हँडब्रेक लागलेला असताना असं काहून झालं? या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही. तो मधल्या ट्रान्स्फर केसमागे असतो आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट धरून ठेवतो. शाफ्टनंतर डिफरेन्शियल येतं. त्याचं कामच हे, की दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं. शाफ्ट घट्ट धरला तरी एक चाक पुढे आणि दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना हे घडत नाही. एक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवरचं चाक उताराकडे निघतं. गिअर टाकून उपयोग नाही, कारण तोही त्याच शाफ्टवाटे धरतो. साध्या खेळण्यातल्या मोटारीत बहुधा डिफरेन्शियल नसतं, म्हणून तिच्यावर हे दाखवता येत नाही. त्यानंतर आम्ही सपाट जागा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे आणि चेसिसखाली पक्का आधार दिल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ दिलं नाही. नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

ब्रेकचे ड्रम उघडले तर चारपैकी तीन व्हील सिलिंडर जाम. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून गंज आतूनच धरतो. सिलिंडर नवे आणले, मास्टर सिलिंडरची रबरं बदलली. इथे एक खबरदारी : ही रबरं डिझेलने किंवा रॉकेलने धुवायची नाहीत, ती फुगतात. ब्रेक ऑइलनेच पुसायची. आमच्या जीपला सगळ्या चाकांसाठी ब्रेकची एकच लाइन आहे. एका जागी पाइप फुटला तर पूर्ण पॅडल रिकामं. म्हणून गंजलेला एक पाइप "चालून जाईल" असं मिस्त्री म्हणत होता, तरी बदलून घेतला.

लाइनमधली हवा काढणं मुलांनी स्वतः पाहिलं. त्याआधी शाळेत दोन सिरिंज नळीने जोडून प्रयोग केला. नळीत पाणी भरलं की एक दट्ट्या दाबताच दुसरा लगेच सरकतो. हवेचा बुडबुडा राहिला की आधी हवाच दबते, दट्ट्या थबकतो. ब्रेकचंही तसंच. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळची निप्पल उघडून बंद करायची. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने. पॅडल स्पंजासारखं लागायचं थांबेपर्यंत आम्ही सव्वा तास खपलो.

त्यानंतर इंजिन. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस थांबलो, मग जीप टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे-मागे ढकलली. पहिल्या दिवशी चाकंच घसरली. दुसऱ्या दिवशी इंजिन फिरलं. टाकीतलं जुनं डिझेल, त्यातलं पाणी आणि गाळ काढला, फिल्टर बदलले, लाइनमधली हवा काढली. आणि सेल्फ मारण्याआधी बंद करायची तार पाहिली. हे जुनं डिझेल इंजिन चावीने बंद होत नाही. पंपाचं डिझेल तोडणारा नॉब ओढावा लागतो. आमचा नॉब गंजून बसलेला होता! तसंच सुरू केलं असतं तर बंद कसं करणार होतो?

इंजिन सुरू झालं तेव्हा मामाजी काहीच बोलले नाहीत. बाजेवरून उठून आले आणि बोनटवर हात ठेवून उभे राहिले.

फोर-व्हील तपासायला जीप बोडीच्या सुकलेल्या काठावर नेली. फोर-व्हीलमध्ये पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. पण वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मुलांनी टेपने मोजलं, साधारण २.३ मीटर. मागची चाकं ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरली तर पुढची सुमारे ६.४ मीटरवर फिरतात. एका फेरीत अडीच मीटरांहून जास्त फरक. चिखलात चाकं घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. त्यामुळे पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील काढून टाकायचं. ओल्या मातीत चार चाकांच्या चार वेगळ्या खुणा उमटल्या, त्या मुलांनी दोरीने मोजल्या आणि वहीत काढल्या.

चेसिसच्या चार बद्द जागांपैकी तीन कापून नवा पत्रा वेल्ड केला. चौथी स्टिअरिंग बॉक्सजवळ आहे, तिथे गावातलं वेल्डिंग मला पुरेसं वाटत नाही. ते काम चंद्रपूरला होईल. तोपर्यंत जीप वाडीच्या बाहेर जाणार नाही, असं मामाजींशी ठरलंय. रंग त्यांना हिरवाच हवा आहे, पण तो सगळ्यांत शेवटी.