कचेरीविना कारभार : ब्लॉकचेन उद्योगातील नोकरी

व्यवहाराची नोंद ठेवण्यासाठी विश्वासू नोंदकर्ता असावा लागतो, हा जगाचा जुना अनुभव आहे. बँक खातेदारांची खतावणी सांभाळते, महसूल खाते जमिनीच्या नोंदी सांभाळते. ब्लॉकचेन पद्धतीत मात्र एकाच नोंदवहीच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात आणि ठरलेल्या नियमांनुसार एकमत झाल्यावरच तीत नवी नोंद होते. प्रत्येक नव्या नोंदसमूहात आधीच्या समूहाची सांकेतिक खूण गुंफलेली असल्याने जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेले बिटकॉइन हे या पद्धतीचे पहिले मोठे उदाहरण होय. २०१५ साली सुरू झालेल्या ईथरियमने अशा नोंदवहीवर संगणकीय करार चालविण्याची सोय केली.

या क्षेत्रातील अनेक नवउद्योगांना मध्यवर्ती कचेरी नसते. निरनिराळ्या देशांतील कर्मचारी आपापल्या घरून काम करतात. भारतीय तरुणही या कामात आहेत.

लेखी कामाची शिस्त

ईथरियमचेच उदाहरण घ्यावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याची नोंदपद्धती चालू स्थितीतच बदलण्यात आली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. हे काम ऑस्ट्रेलियातील सिग्मा प्राइम, कॅनडातील चेनसेफ यांसारख्या अनेक लहानमोठ्या संस्थांनी मिळून पार पाडले. त्यासाठीच्या चर्चा दूरसंपर्काने झाल्या आणि त्यांची टिपणे सर्वांस खुली ठेवण्यात आली.

अशा कामात तोंडी सूचनेला फारसे स्थान नसते. जुलै महिन्यात भारतात सायंकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा सिडनीत मध्यरात्र, तर सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे सात वाजलेले असतात. म्हणून काय केले, का केले आणि काय राहिले, हे नेमकेपणाने लिहून ठेवावे लागते. ज्याला स्पष्ट लिहिता येते, त्याचे काम सहकाऱ्यांना लवकर कळते. मात्र रात्रीच्या बैठका आणि एकटेपणा यांचा ताण येतो. कामाचे तास स्वतःच आखून घ्यावे लागतात.

चुकीची किंमत

एकदा नोंदवहीवर चढविलेला करार सहसा बदलता येत नाही. जून २०१६ मध्ये 'द डाओ' नावाच्या सामाईक निधीच्या करारातील एका दोषामुळे सुमारे ३६ लाख ईथर वळते करण्यात आले. तेव्हापासून करार वापरात आणण्यापूर्वी तो त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासून घेण्याकडे कल वाढला. आज्ञावली लिहिण्याइतकाच वेळ ती तपासण्यात जातो, तो यामुळेच.

वेतन आणि संरक्षण

परदेशी नवउद्योग भारतीय तरुणाला पुष्कळदा कर्मचारी म्हणून न घेता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घेतात. अशा व्यक्तीस भविष्यनिर्वाह निधी, उपदान किंवा भरपगारी रजा आपोआप मिळत नाही. प्राप्तिकराचा भरणाही स्वतःच करावा लागतो. मोबदल्याचा काही भाग कंपनीच्या टोकनांच्या रूपाने देऊ केला जातो. ती टोकने बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सुटल्यास सहसा काहीच हाती येत नाही. हाती आली तरी त्यांचे मूल्य टिकेलच असे नाही. शिवाय २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी डिजिटल मत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर लागू केला. त्यातील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्याची मुभा त्याने ठेवली नाही. म्हणून घरखर्च भागेल एवढी रक्कम नियमित चलनात मिळते की नाही, हे आधी पाहणे शहाणपणाचे ठरते.

नोकरीच्या आमिषाने फसवणूकही होते. मुलाखतीची चाचणी म्हणून पाठविलेल्या आज्ञावलीतून उमेदवाराच्या गुप्त किल्ल्या चोरल्या गेल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अनोळखी आज्ञावली स्वतःच्या नेहमीच्या संगणकावर चालवू नये आणि नोकरीसाठी कोणी पैसे मागितल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

या विद्येचा उपयोग केवळ चलनापुरता नाही. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली तरी शिकलेली विद्या वाया जात नाही. ब्लॉकचेनवरील नोंद सहसा पुसता येत नाही. पण ती नोंद घडविणाऱ्याचे हक्क त्याच्या नेमणूकपत्रात लिहिले असतील तेवढेच असतात. तेव्हा सही करण्यापूर्वी ते पत्र आज्ञावलीइतक्याच बारकाईने वाचणे, हे या नोकरीतील पहिले काम होय.