गवताच्या छपराला धुराडं का नसतं?

गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगड किल्ला चढणाऱ्यांनो, एक गंमत सांगतो! 🏡

गवताने शाकारलेल्या जुन्या घराला बहुधा धुराडं नसायचंच. चुलीचा धूर गवतातूनच झिरपायचा. त्याने छप्पर कोरडं राहायचं, वाशांना कीड कमी लागायची.

आता असं घर दुरुस्त करताना धुराडं बसवायचंच असेल, तर त्याचं तोंड आढ्याच्या बरंच वर हवं. एक ठिणगी गवतात पडली की संपलंच! धुराड्याचा तापणारा पत्रा गवताला टेकू देऊ नका.

आणि नियम? असं घर गडाच्या हद्दीत असेल तर लक्षात ठेवा: राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, २०२५पासून जागतिक वारसाही. तिथल्या संरक्षित हद्दीत राज्य पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगडही हलवायचा नाही. 🙏