विश्लेषण : न दुखणारी गाठ का तपासावी? नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे प्रकार कोणते, उपचार काय?

मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली, पण ती दुखत नाही म्हणून अनेक जण दुर्लक्ष करतात. बहुतेक गाठी जंतुसंसर्गामुळे येतात आणि ओसरतात. मात्र दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकून राहिलेली किंवा वाढत जाणारी गाठ नॉन-हॉजकिन लिम्फोमाची असू शकते.

हा आजार नेमका काय?

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शरीराचे संसर्गापासून रक्षण करतात. त्यांची अनियंत्रित वाढ म्हणजे लिम्फोमा. ब्रिटिश डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णन केलेला आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात न बसणारे बाकी सर्व लिम्फोमा ‘नॉन-हॉजकिन’ ठरतात.

क्षयरोगाशी गल्लत का होते?

ताप, रात्री दरदरून घाम, वजन घटणे आणि गाठी ही लक्षणे दोन्ही आजारांत दिसतात. त्यामुळे केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केल्यास मोलाचे महिने वाया जाऊ शकतात. खात्रीचे निदान बायोप्सीनेच होते. सुईने घेतलेला नमुना बऱ्याचदा अपुरा पडतो. शक्य असेल तर पूर्ण गाठ काढून तपासतात. आजार कुठवर पसरला आहे, हे पेट-सीटी स्कॅनमधून कळते.

प्रकार किती?

साठहून अधिक. त्यातील बहुतेक बी-पेशींचे, तर थोडे टी-पेशींचे असतात. ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ हा सर्वाधिक आढळणारा प्रकार झपाट्याने वाढतो. बर्किट त्याहून वेगवान असतो. फॉलिक्युलर लिम्फोमा मात्र वर्षानुवर्षे संथ राहू शकतो.

उपचार कसे ठरतात?

प्रकारावरून. संथ प्रकारात त्रास नसेल तर औषध न देता केवळ नियमित तपासणी केली जाते. तो हलगर्जीपणा नव्हे, उपचाराचाच भाग आहे. वेगवान प्रकारात विलंब परवडत नाही, पण तेच बरे होण्याची शक्यता मोठी असते. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये ‘आर-चॉप’ ही रितुक्सिमॅबसह पाच औषधांची उपचारपद्धती साधारण दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा देतात. निम्म्याहून अधिक रुग्ण त्याने बरे होतात. चौथा टप्पा म्हणजे सारे संपले, असे येथे नसते. रितुक्सिमॅबपूर्वी हेपेटायटिस बीची चाचणी आवश्यक असते, कारण दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो. जठरातील एका प्रकारात तर हेलिकोबॅक्टर जिवाणूवरील प्रतिजैविकांनीही लिम्फोमा नाहीसा होऊ शकतो.

आजार उलटल्यास?

अधिक तीव्र केमोथेरपी आणि मूलपेशी प्रत्यारोपण हे पर्याय आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून पुन्हा शरीरात सोडतात.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी. डॉक्टरांना पहिला प्रश्न मात्र ‘टप्पा कोणता?’ याऐवजी ‘प्रकार कोणता?’ हा विचारावा.